वाड्यातले चार खण आणि हरित निकष: एका सल्लासेवेचे परीक्षण

पुण्याच्या शनिवार पेठेतील एका जुन्या वाड्याच्या माडीवर आमच्या शैक्षणिक विश्वस्त संस्थेचे कार्यालय भाड्याने आहे. चौकाकडे उघडणारे चार खण, मागची एक अंधारी खोली आणि जिन्यालगतचे स्वच्छतागृह एवढाच त्याचा पसारा. दुरुस्तीचा खर्च उचलणाऱ्या देणगीदारांनी एक अट घातली होती: काम ‘हरित इमारतींच्या मान्य निकषांशी सुसंगत’ असले पाहिजे. रक्कम मोजकी, वाडा दुसऱ्याच्या मालकीचा आणि भिंती जुन्या, त्यामुळे नेहमीच्या कंत्राटदाराला बोलावून काम उरकणे शक्य नव्हते. अखेर जुन्या इमारतींची दुरुस्ती आणि हरित मानांकन ही दोन्ही कामे करणाऱ्या एका लहान वास्तुविशारद कचेरीकडे आम्ही हे काम सोपवले. संस्थेचे हिशेब माझ्याकडे असल्यामुळे या सेवेतला प्रत्येक रुपया माझ्या नजरेखालून गेला. कचेरीचे नाव मी देत नाही, कारण पुढे तिच्या काही उणिवाही लिहायच्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा या प्रकारच्या सगळ्याच सल्लागारांना लागू पडतील अशा आहेत.

माझे मत आधीच सांगतो. काय करू नये हे सांगण्यात ही कचेरी फार चांगली आहे आणि आमचे सर्वांत जास्त पैसे तिथेच वाचले. कामावरच्या देखरेखीत ती कमी पडली. मानांकनाच्या कागदपत्रांसाठी तिने जे शुल्क सांगितले, ते आमच्याएवढ्या जागेला परवडणारे नव्हते.

पहिल्या भेटीत त्यांनी नकाशा काढला नाही की रंगांचे नमुने दाखवले नाहीत. त्यांच्यातल्या ज्येष्ठ वास्तुविशारद बाईंनी जिन्यालगतच्या भिंतीवर हातोडीच्या दांड्याने ठिकठिकाणी ठोकून आवाज ऐकला, पोकळ वाजणाऱ्या जागी तळहाताएवढा गिलावा काढायला लावला आणि आत बोट घालून दाखवले. वर सिमेंटचा कठीण थर होता, त्यामागे ओलसर, पिठासारखी झालेली विटेची पूड होती. 1961च्या पानशेतच्या पुरानंतर नदीकाठच्या पेठांतील अनेक वाड्यांची डागडुजी घाईघाईने सिमेंटमध्ये झाली, त्यातलीच ही एक असावी. जुनी वीट आणि मातीचे भेंडे यांच्या भिंती जमिनीतली ओल शोषतात आणि मोकळ्या हवेत सोडून देतात. वर सिमेंटचे कवच बसले की ओल आतच कोंडते, क्षार पृष्ठभागाजवळ साचतात आणि भिंतीला लोणा लागतो. आम्ही वर्षानुवर्षे दर दिवाळीआधी त्या भिंतीला ओलरोधक रंग देत होतो, म्हणजे पैसे भरून रोग वाढवत होतो, हे तिथल्या तिथे स्पष्ट झाले.

यावर उपाय म्हणजे सिमेंट काढून चुन्याचा गिलावा करणे. हरित निकषांच्या दृष्टीनेही ही निवड योग्य ठरते, कारण सिमेंटची भट्टी सुमारे 1450 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते, चुनखडी मात्र 900 अंशांच्या आसपास भाजली जाते, आणि चुना वाळून घट्ट होताना हवेतला कार्बन डायऑक्साइड काही प्रमाणात परत शोषून घेतो. स्वस्त म्हणून मात्र कोणी या वाटेला जाऊ नये. चुनकळी, म्हणजे भाजलेली चुनखडी, पाण्यात विरवणे, तो चुना मुरू देणे, सुरकी (विटेची पूड) आणि वाळू मिसळून मळणे, पातळ थर देणे, प्रत्येक थर सावकाश वाळू देणे या सगळ्याला मजुरी लागते आणि वेळ त्याहून जास्त लागतो. आमच्या एकूण खर्चात सर्वांत मोठा वाटा या कामाचाच होता. कचेरीने सगळ्या भिंतींना चुना लावण्याचा आग्रह धरला नाही, हे तिचे शहाणपण. ओलीची भिंत आणि खिडक्यांखालचे पट्टे एवढ्याच ठिकाणी नवा गिलावा केला, बाकीच्या भिंतींवरचे तैलरंग खरवडून त्यांना चुन्याची सफेदी दिली. सफेदीत बाष्पशील, म्हणजे हवेत उडून श्वासात जाणारी, रसायने नसतात, त्यामुळे रंगांविषयीचा निकष फारसा खर्च न करता पूर्ण झाला आणि मागची खोली दिवसा दिवा न लावता वापरता येऊ लागली.

देखरेखीची उणीव याच कामात दिसली. बेलफळाचा गर, गूळ आणि हिरडा घालून चुना कसा करायचा हे जाणणारा गवंडी कचेरीने शोधून आणला. वयस्क आणि मितभाषी असा तो कारागीर हाताने अत्यंत सफाईदार होता. तो गावी गेला त्या आठवड्यात कंत्राटदाराच्या माणसांनी खिडकीखालच्या पट्ट्यावर बाजारातली पांढऱ्या सिमेंटची पुट्टी ओढून ठेवली. दिसायला ती सुरेखच होती. कचेरीचा कनिष्ठ वास्तुविशारद दोन दिवसांआड येऊन जात असूनही त्याच्या ते लक्षात आले नाही. गवंडी परत आल्यावर त्यानेच नखाने ओरखडा काढून दाखवले. पट्टा पुन्हा खरवडावा लागला. त्याची मजुरी कंत्राटदाराच्या बिलातून कापायला कचेरीने मदत केली, हे मान्य. पण देखरेखीचे शुल्क घेणाऱ्याने ही चूक गवंड्याच्या आधी पकडायला हवी होती.

छताच्या बाबतीत त्यांचा सल्ला मला सर्वांत मोलाचा वाटला. आमच्या माडीवर पूर्वी कौले होती, नंतर कधीतरी ती जाऊन पत्रा आला. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी त्या पत्र्याखाली बसणे कठीण होई. आम्ही चौकाकडच्या खणांसाठी दोन यंत्रांच्या वातानुकूलनाची मागणी केली होती आणि कंत्राटदाराने खोटे छत लावून थंड करायची जागा कमी करण्याचा प्रस्ताव दिला होता. कचेरीने दोन्हींना नकार दिला. खोट्या छताने कडीपाट, म्हणजे तुळया-फळ्यांचे मूळ लाकडी छत, झाकला गेला असता, तुळयांना वाळवी लागली तरी दिसली नसती आणि गरम हवा वर जायला जागाच उरली नसती. त्याऐवजी पत्र्यावर ऊन परतवणारा पांढरा लेप दिला, पत्रा आणि कडीपाट यांच्या मधल्या पोकळीत उष्णतारोधक थर अंथरला आणि वर साचणारी गरम हवा बाहेर पडावी म्हणून दोन्ही टोकांना जाळ्या बसवल्या. पावसाळ्यात पत्र्याचा आवाज इतका कमी झाला की दूरध्वनीवर ओरडून बोलण्याची आमची सवय मोडायला हवी. ती अजून मोडलेली नाही.

त्याच्या जोडीला त्यांनी चौकाकडच्या खिडक्यांसमोरची, मागच्या भिंतीतली, फळ्या मारून बंद केलेली जुनी खिडकी उघडली. पुण्यात उन्हाळ्यात दिवसाचा पारा 38-39 अंशांपर्यंत गेला तरी रात्री तो बऱ्याचदा 20-22 अंशांपर्यंत उतरतो. जाड भिंतींच्या इमारतीत हा फरक हीच शीतयंत्रणा असते, फक्त रात्री हवा खेळती राहिली पाहिजे आणि दिवसा ऊन अडवले पाहिजे. मागच्या खिडकीला चोरांपासून संरक्षण देणारी जाळी आणि डासांची जाळी लावून ती रात्रभर उघडी ठेवता येईल असे केले. सकाळी कार्यालय उघडल्यावर भिंती हाताला गार लागतात. पावसाळ्यात ही युक्ती चालत नाही, तेव्हा पंखेच कामाला येतात, आणि हे कचेरीने आधीच स्पष्ट सांगितले होते. राष्ट्रीय इमारत संहितेच्या 2016च्या आवृत्तीत नैसर्गिक वायुवीजन असलेल्या इमारतींसाठी तापमानाच्या सुखद मर्यादा वातानुकूलित इमारतींपेक्षा अधिक सैल धरल्या आहेत, त्यामुळे ‘वातानुकूलन नाही म्हणजे निकष हुकला’ ही आमची भीती निराधार होती.

पंख्यांचा हिशेब मी स्वतः करून पाहिला. जुना पंखा सुमारे 75 वॉट घेतो, बीएलडीसी या कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा 30 वॉटच्या आसपास. सहा पंखे, दिवसाला आठ तास, वर्षाला तीनशे दिवस धरले तर सुमारे 650 युनिटे वाचतात. नवा पंखा साध्या पंख्याच्या जवळजवळ दुप्पट किमतीला मिळतो, पण व्यावसायिक वीजदराने तो फरक साधारण दोन वर्षांत भरून निघावा. वातानुकूलन फक्त मागच्या खोलीत ठेवले, जिथे संगणकाचा मुख्य संच आणि जुने दस्त आहेत. तिथे पाच तारांकित यंत्र घेताना कचेरीने शीतकाकडे, म्हणजे यंत्रात फिरून हवा थंड करणाऱ्या वायूकडेही, लक्ष वेधले: आर-410ए या वायूची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून अधिक आहे, आर-32ची 675 पट आणि आर-290ची, म्हणजे प्रोपेनची, जेमतेम तीन पट. प्रोपेन ज्वलनशील असल्यामुळे लाकडी वाड्यात त्यांनी आर-32 सुचवला. मानांकनाच्या गुणांच्या मागे न लागता केलेली ही निवड मला पटली.

आता मानांकनाविषयी. लहान जागेचे नूतनीकरण करणाऱ्याने येथे थोडे थांबून विचार करावा. भारतात सर्वसाधारणपणे तीन-चार पर्याय समोर येतात. भारतीय उद्योग महासंघाने 2001 साली स्थापन केलेल्या इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची, म्हणजे आयजीबीसीची, अंतर्गत सजावटीसाठी वेगळी प्रणाली आहे. टेरी ही ऊर्जा-पर्यावरण संशोधन संस्था आणि केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांच्या पुढाकाराची ‘गृह’ ही प्रणाली आहे आणि 2500 चौरस मीटरपेक्षा लहान प्रकल्पांसाठी तिचे ‘स्वगृह’ हे सुटसुटीत रूप आहे. अमेरिकी ‘लीड’ आहेच. जागतिक बँक समूहातील आयएफसी या वित्तसंस्थेची ‘एज’ ही प्रणाली ऊर्जा, पाणी आणि बांधकाम साहित्य या तिन्हींत किमान 20 टक्के बचत मागते. जुन्या वास्तूंना असे मानांकन मिळतच नाही, असे नाही. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही 1888 साली पूर्ण झालेली, 2004 पासून जागतिक वारसा यादीत असलेली इमारत आयजीबीसीच्या सुवर्ण श्रेणीत बसली. पण तिच्यामागे रेल्वे उभी आहे. माडीवरच्या चार खणांमागे एक विश्वस्त मंडळ आणि मी.

प्रत्येक प्रणालीत नोंदणीचे आणि प्रमाणनाचे शुल्क असते, त्यावर सल्लागाराचे कागदपत्रांचे शुल्क असते, आणि जागा कितीही लहान असली तरी ही रक्कम त्या प्रमाणात उतरत नाही. कचेरीने दिलेल्या अंदाजपत्रकात या सगळ्याची बेरीज ओलीच्या भिंतीच्या पूर्ण कामाएवढी भरत होती. त्यांच्या बाजूने एवढे सांगायला हवे की त्यांनी ही तुलना आमच्यापुढे स्वतःहून ठेवली आणि प्रमाणपत्र घेण्याचा आग्रह धरला नाही. देणगीदारांच्या पत्रात ‘सुसंगत’ हा शब्द होता, ‘प्रमाणित’ नव्हे. एका प्रणालीची निकषतालिका घेऊन तिच्या प्रत्येक ओळीसमोर आम्ही काय केले, काय केले नाही आणि का, हे कचेरीने लिहून दिले. देणगीदारांनी ते स्वीकारले. ‘एज’चे संगणकीय साधन विनामूल्य वापरता येते, त्यावर पंखे, दिवे आणि नळ यांचे पर्याय आधी टाकून पाहण्याची त्यांची पद्धतही लहान संस्थांनी उचलण्यासारखी आहे.

तालिका भरताना दोन गोष्टी ध्यानात आल्या. पेठेत असण्याचे गुण आम्हाला बसल्या जागी मिळाले. बसथांबा, बँक, टपाल कार्यालय, खानावळ हे सगळे चालण्याच्या अंतरावर, आणि सप्टेंबर 2024 मध्ये स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा सुरू झाल्यापासून कसबा पेठेचे मेट्रो स्थानकही हाताशी. शहराबाहेरच्या नव्या कार्यालयाला यासाठी बरीच धडपड करावी लागते. दुसरी गोष्ट उलटी घडली. आमच्या दोन खिडक्यांच्या चौकटी वाळवीने खाल्ल्या होत्या. सुताराने त्यांच्यासाठी पाडलेल्या वाड्याचे सागवान आणले, जुनाट, घट्ट रेषांचे, खिळ्यांच्या भोकांना लाकडी गुल्ल्या मारलेले. नवे झाड न तोडता, शहरातल्या शहरात फिरलेले हे लाकूड म्हणजे पुनर्वापराचे आदर्श उदाहरण. पण विकणाऱ्याकडे पक्के बिल नव्हते, आणि बिल नाही म्हणजे तालिकेत त्या ओळीला पुरावा नाही. हिशेबनीस म्हणून मला त्यात गैर काही वाटले नाही, मीही बिलाशिवाय रक्कम खर्ची टाकत नाही. तरी दूरच्या कारखान्यातून आलेल्या प्रमाणित प्लायवूडला गुण मिळतात आणि या सागवानाला शून्य, हे पाहून निकष लिहिणाऱ्यांनी जुन्या पेठांत एकदा हिंडून यावे असे वाटले. सल्लागाराने हे आधी सांगितले असते, तर भवानी पेठेतल्या लाकडाच्या वखारींपैकी बिल देणारी एखादी आम्ही शोधली असती. ही त्यांची दुसरी ठळक उणीव.

कायद्याच्या बाजूने त्यांनी चांगली मदत केली. भाडेकरूने मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्के बांधकाम केले तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999च्या कलम 16 खाली तो जागा गमावू शकतो, या भीतीने अनेक जण काहीच करत नाहीत. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लाकडी आडभिंत, वायुवीजनासाठी आवश्यक खिडकी, वातानुकूलन यंत्र बसवणे अशी कामे, लागेल तेथे महापालिकेची परवानगी घेऊन, पक्क्या बांधकामातून वगळली आहेत. तरीही कचेरीने प्रत्येक कामाची यादी करून मालकांची लेखी संमती घ्यायला लावली आणि वाड्याचा दर्शनी भाग जसाच्या तसा ठेवला. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर संमतीपत्राबरोबर वारसा समितीकडेही जावे लागते, आणि तो वेळ वेळापत्रकात धरावा लागतो. मालक पहिल्या बैठकीत नाखूष होते. सिमेंटमागची पूड पाहिल्यावर त्यांनी जिन्याच्या त्यांच्या वापरातल्या भागाचाही गिलावा त्याच गवंड्याकडून करून घेतला आणि मालवाहतुकीचा खर्च वाटून घेतला.

पाण्याचे काम थोडक्यात आटोपले. नळांना फेसदार धार देणाऱ्या जाळ्या, दोन बटणांची फ्लशची टाकी आणि गळणाऱ्या बिडाच्या पाइपाचा बदललेला तुकडा, बस. पावसाचे पाणी साठवणे वा छतावर सौरपट्ट्या बसवणे भाडेकरूच्या हातात नव्हते, म्हणून त्या ओळी तालिकेत कोऱ्या राहिल्या. विजेचे काम मात्र गरजेचे होते: लाकडी पट्ट्यांवरच्या कापडी वेष्टनाच्या जुन्या तारा काढून नवी जोडणी आणि योग्य अर्थिंग केल्याशिवाय लाकडी वाड्यात बाकी सगळे व्यर्थच.

मग ही सेवा कोणी घ्यावी? वाडा, चाळ किंवा जुनी दगडी इमारत यांत लहान कार्यालय असेल, ओल किंवा उष्णता हा खरा त्रास असेल आणि नव्या चकचकीत सजावटीचा हट्ट नसेल, तर अशा कचेरीचे सुरुवातीच्या पाहणीचे शुल्क निःशंकपणे द्यावे. आमच्या बाबतीत दोन वातानुकूलन यंत्रे आणि एक खोटे छत टळले तेवढ्यात ते वसूल झाले. देखरेखीचा करार करताना मात्र, कोणत्या थराच्या वेळी ज्येष्ठ व्यक्ती स्वतः हजर असेल हे तारखांसह लिहून घ्यावे आणि चुन्याचे काम होळीनंतर लगेच सुरू होऊन पावसाआधी संपेल अशी आखणी करावी. आमचे काम जूनपर्यंत लांबले, त्यामुळे जिन्यालगतच्या भिंतीचा शेवटचा थर दमट हवेत वाळता वाळेना.

त्या भिंतीच्या खालच्या फूटभर पट्ट्यात अजूनही थोडा लोणा दिसतो. वास्तुविशारद बाईंच्या मते कोंडलेले क्षार बाहेर पडायला एक-दोन ऋतू लागतात आणि ते कोरड्या कुंचल्याने झाडत राहणे एवढेच करायचे असते. गवंड्याच्या मते खालचा थर पुन्हा द्यावा लागेल. दिवाळीनंतर दोघेही एकत्र येऊन भिंत पाहणार आहेत. तोपर्यंत देखरेखीच्या शुल्काचा शेवटचा हप्ता मी, कचेरीच्याच संमतीने, राखून ठेवला आहे.